मेंढीचं पहिलं वर्ष आणि आपला चराईचा हक्क

(माटुंगा येथील मुक्कामात, मोर्चाच्या आदल्या रात्री झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. पाड्याच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.)



गाडीत उभं राहून आणि दादरपासून इथवर चालून सगळे दमले आहेत. उद्या आझाद मैदानात घोषणा द्यायच्या आहेत, त्यामुळे आज घसा कुणी संपवू नका. आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती मेंढीची आहे. काही जण हसतील. जमिनीच्या लढाईला आलो आणि मेंढीचं काय काढलं, असं म्हणतील. शेवटपर्यंत ऐका, मग हसा.

आपण बसलोय ते माटुंगा. इथून पायी निघालं की थोड्या वेळात धारावी लागते. तिथं शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पलीकडं चेंबूरच्या पुढं देवनार. मुंबईचा मोठा कत्तलखाना १९७१ पासून तिथं आहे. आपल्या डोंगरातून व्यापारी जे जनावर उचलतो, ते फिरत फिरत इथवर येतं. या शहराला मेंढी वजनावर कळते. किती किलो, एवढाच त्याचा प्रश्न. आपला प्रश्न वेगळा आहे. ती किती वेळा विणार, किती कोकरं जगवणार आणि तिच्या लेकी पुढं काय करणार, हे आपल्याला बघायचं असतं. ते ती बाजारात जायच्या कितीतरी आधी ठरून जातं. कधी ठरतं आणि कशानं ठरतं, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही साक्री–नवापूर पट्ट्यातले लोक. आमच्याकडे शेळ्या घरोघर, मेंढ्या थोड्या घरी. मेंढ्यांचे मोठे कळप ठेलारी भावांकडे. काही घरांनी त्यांच्याकडून निम्म्या हिश्शानं मेंढ्या सांभाळायला घेतल्या आहेत. मागच्या आषाढात आमच्या बाजूला काय झालं, ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पाणी पडलं, डोंगर हिरवा झाला, आणि त्याच आठवड्यात रोपवनाचे चर खणून वाट बंद झाली. कोकरं खुंट्याला, मेंढ्या बांधावर. उरलेल्या चार टेकड्यांवर आमची जनावरं आणि ठेलारींची जनावरं एकत्र आली आणि आपण आपसातच काठ्या उगारल्या. वाट ज्यांनी बंद केली ते बाजूला उभे राहून बघत होते. त्या दिवसानंतर आम्ही ठरवलं की आधी जनावर नीट समजून घ्यायचं. जाणत्या ठेलारी म्हाताऱ्यांना विचारलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, शिकलेल्या मुलांकडून वाचून घेतलं. त्यातलं जे पटलं आणि अनुभवाला जुळलं, ते सांगतो.

पोटात असतानाच हिशेब सुरू होतो

मेंढी पाच महिने गाभण राहते. त्या पाच महिन्यांत पोटातलं कोकरू मादी असेल, तर तिचं अंडाशय तिथंच तयार होतं. तिला आयुष्यभर पुरणारी बीजं त्यात आईच्या पोटातच भरली जातात. जन्मल्यावर त्यात नवी भर पडत नाही. म्हणजे बघा, आज जी मेंढी गाभण आहे तिच्या पोटात लेक आहे, आणि त्या लेकीच्या पोटात नातवंडांचं बी. एका मेंढीची उपासमार तीन पिढ्यांपर्यंत पोचू शकते.

शेवटचा दीड महिना सगळ्यात महत्त्वाचा. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ, म्हणजे दहा आण्यांपेक्षा जास्त, याच दीड महिन्यात होते. आईची कासही तेव्हाच भरते. या दिवसांत आईला नुसत्या वाळल्या काडीवर ठेवलं, तर कोकरू हलकं जन्मतं, चीक कमी येतो, आणि हलकं कोकरू सडाला तोंड लावायलाही कमी पडतं. स्कॉटलंड नावाच्या थंड डोंगराळ मुलखात तिथल्या डोंगरी मेंढ्यांवर अशीच वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. ज्या माद्यांच्या आयांना गाभणपणाच्या शेवटी आणि दूध पाजताना पोटभर मिळालं, त्या माद्यांनी पुढं स्वतः विताना जास्त कोकरं दिली. मुलूख वेगळा, हवा वेगळी, पण शरीराचा कायदा तोच.

पहिला पाऊस आणि दुसरा पाऊस

आता आपल्या महिन्यांत हिशेब मांडू. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत मिळतं, मेंढ्या अंग धरतात आणि ज्येष्ठ-आषाढात माजावर येतात. त्यामुळं आपल्याकडं जास्त मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. धरा की एक मादी कोकरू कार्तिकात जन्मलं. तीन-चार महिने दूध. दूध सुटतं तेव्हा फाल्गुन लागलेला असतो, डोंगर वाळलेला असतो. चैत्र-वैशाख ते कोकरू कसंबसं काढतं. वाढ थांबते, काही वेळा वजन उलट घटतं. मग मृग येतो. कोकरू तेव्हा सात-आठ महिन्यांचं असतं. हा त्याचा पहिला पाऊस. उन्हाळ्यात मागं पडलेली वाढ भरून काढायची संधी त्याला या तीन-चार महिन्यांत मिळते. जनावराला ही देणगी आहे. उपाशी राहिलेलं कोकरू वेळेत पोटभर खायला मिळालं तर झपाट्यानं अंग भरतं. पण वेळ टळली तर सगळी तूट निघत नाही.

मग दुसरा पाऊस येतो. आता ती दीड वर्षाच्या वर आहे. या वेळी ती माजावर यायला हवी. पण माज वयावर थोडा आणि वजनावर जास्त अवलंबून असतो. आपली दख्खनी मेंढी पूर्ण वाढली की साधारण २५ ते ३० किलो भरते. त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे १७ ते २० किलोच्या आसपास अंग झालं, की शरीर म्हणतं, आता मी तयार आहे. अंगावर साठा किती, याची खबर मेंदूला पोचते. मेंदूच्या तळाशी एक बारीक ग्रंथी आहे, ती अंडाशयाला इशारा देते. साठा नसेल तर इशारा जात नाही. मेंढी चरते, चालते, दिसायला धडधाकट असते, पण माजावर येत नाही. आपण म्हणतो, भाकड निघाली, विकून टाका. ती भाकड नसते. पहिल्या पावसात तिला चारा मिळालेला नसतो.

आता नुकसान मोजा. चांगली मेंढी दोन वर्षांची होताना पहिल्यांदा विते आणि पुढं आयुष्यात साधारण पाच-सहा वेतं देते. दुसरा पाऊस हुकला तर एक वेत गेलं. सहापैकी एक. शिवाय उशिरा आणि रोड अंगानं गाभण राहिली तर पहिलं कोकरू हलकं, दूध कमी, आणि पुन्हा माजावर यायला उशीर. एका पावसात चार महिने वाट बंद केली तर त्याची वसुली त्या घराकडून पुढची सहा वर्षं चालू राहते. दंडाच्या पावतीवर हा आकडा कुणी लिहीत नाही.

चूक आपलीही आहे

साथींनो, सगळा दोष दुसऱ्याच्या माथी मारून चालत नाही. आपल्या घरात काय होतं तेही बोलू.

पहिलं. व्यापारी दारात आला की आपण सगळ्यात भरलेलं कोकरू देतो, कारण त्याचे पैसे जास्त येतात. ते मादी असलं तरी देतो. मागं उरतात ती बारकी, रोडकी, उशिरा जन्मलेली. त्यांच्यावरच पुढचा कळप उभा राहतो. असं दहा वर्षं केलं की कळप आपोआप बारका होतो आणि आपण म्हणतो, जातच बिघडली. नर विका. मादी कोकरांतली पुढची तीन-चार चांगली राखा, मग बाकीची विका.

दुसरं. चीक. काही घरी अजून समज आहे की पहिला चीक जड पडतो, म्हणून पिळून टाकतात. हे बंद करा. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. आजाराशी लढायची ताकद कोकराला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि कोकरू दुधावर आहे तोवर घरच्या चहासाठी मेंढीचं, शेळीचं दूध काढताना आधी कोकराचं पोट बघा.

तिसरं. मेंढा वर्षभर कळपात सुटा असतो. चांगलं खाल्लेली एखादी तरणी मेंढी आठ-दहा महिन्यांतच माजावर येते आणि गाभण राहते. आपण खूश होतो. पण तिचं स्वतःचं हाड अजून वाढत असतं. पोटातलं कोकरू आणि तिचं अंग, दोघं एकाच घासावर भांडतात. वितानाही अडते. पहिला माज तसाही कच्चा असतो, दोन-तीन माज जाऊ दिले तर गर्भ नीट ठरतो. माज सतरा-अठरा दिवसांनी परत येतो, त्यामुळं थांबल्यानं फार काही जात नाही. जुने ठेलारी मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधतात, ती युक्ती आपण शिकावी. अंग भरल्याशिवाय फडकं सोडायचं नाही.

चौथं. याच्या उलट टोकही आहे. ज्यांच्याकडे चार पैसे आले, ते तरण्या मेंढीला सरकी पेंड भरमसाट घालतात. नुसती चरबी चढली तर कासेत दूध करणाऱ्या भागाच्या जागी चरबी बसते आणि पुढं दूध कमी येतं. कोवळ्या वयात गाभण असलेल्या मेंढीला गरजेपेक्षा फार चारलं, तर चारा तिच्या स्वतःच्या अंगाला लागतो, वार नीट वाढत नाही आणि कोकरू उलट हलकं जन्मतं. हेही स्कॉटलंडातच नीट तपासलेलं आहे. म्हणजे उपासही नको आणि कोंबणंही नको. रोजचं, सरळ, हिरवं पोटभर पाहिजे. ते पेंडीच्या पोत्यात मिळत नाही, डोंगरावर मिळतं.

पाचवं. मेंढा. त्यालाही हाच नियम. कोकरू असताना उपाशी राहिलेल्या नराचं अंड बारीक राहतं. वीर्य तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात, म्हणून ज्येष्ठात मेंढा लागायचा असेल तर चैत्रापासून त्याला खायला घाला. बाभळीच्या शेंगा, तुरीचं भूस, अंजनाचा पाला, भुईमुगाचा वेल, जे असेल ते. आणि दर दोन वर्षांनी मेंढा बदला, नाहीतर बाप-लेकींचा संकर होतो. राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यात आहे, त्यांच्या केंद्रांवरून नर मिळतात. एकट्यानं मागितलं तर हेलपाटे, पाड्यानं मिळून मागावं.

जुळ्यांची हाव

काही तरुण विचारतात, जुळी देणारी जात का आणू नये? प्रश्न बरोबर आहे. आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची मेंढी आहे, अंगानं अगदी बारकी, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. साताऱ्याकडं फलटणला निंबकरांच्या कृषी संशोधन संस्थेनं ती आणून दख्खनीशी संकर केला आहे. काम चांगलं आहे आणि त्यातून धनगरांचा फायदा व्हावा. पण एक लक्षात ठेवा. जुळं म्हणजे दोन हलकी कोकरं आणि एकच कास. जुळी देण्याचा गुण रक्तातून येतो, ती जगवण्याची ताकद चाऱ्यातून येते. रक्त आणलं आणि डोंगर बंदच राहिला, तर दोन जन्मतील आणि दोन्ही मरतील. म्हणून कुणी सुधारित जात घ्या म्हणून सांगायला आलं, तर त्याला आधी विचारा, चरायला कुठं सोडू?

कळप मोठा का होतो

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं सांगितलं तो मुद्दा. १९८८ चं राष्ट्रीय वन धोरण आहे. त्यात चराई लोकांना सोबत घेऊन ठरवावी असं एक वाक्य आहे, ते आपल्या बाजूचं. पण त्यातच पुढं असं आहे की वनातल्या लोकांनी अनावश्यक जनावरांचे मोठे कळप पाळू नयेत, म्हणून चराईची फी पुरेशी लावावी. अनावश्यक म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं? ज्याच्याकडे दोन एकर वरकस जमीन आहे, त्याची बँक म्हणजे चार मेंढ्या. दवाखाना, लग्न, बियाणं, सगळं त्यातून.

आणि कळप मोठा होतो कशानं, ते आज आपल्याला कळलं. समजा एका घराला वर्षाला पाच कोकरं हवीत. मेंढ्या पोटभर चरलेल्या असतील तर सहा मेंढ्यांत काम होतं. त्याच मेंढ्या लहानपणी उपाशी राहिल्या असतील तर कुणी माजावर येत नाही, कुणी गाभडते, कुणाचं कोकरू मरतं. मग त्याच पाच कोकरांसाठी दहा मेंढ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे पावसात वाट बंद करून वनखातं ज्या मोठ्या कळपाची तक्रार करतं, तो कळप त्या बंदीनंच वाढतो. दहा रोडक्या मेंढ्या सहा भरलेल्यांपेक्षा डोंगर जास्त ओरबाडतात. जंगल राखायचं असेल तर कोकराला पहिल्या पावसात चरू द्या. हे आपण उद्या निवेदनात लिहून देणार आहोत.

कुणी म्हणेल, रोपं खाल्ली जातील. खरं आहे, कोवळ्या रोपात जनावर सोडू नये, हे आपणही मानतो. पण सगळा डोंगर एकदम बंद करायची गरज नाही. या पावसात एक भाग, पुढच्या वेळी दुसरा. कुठला भाग राखायचा, कुठून वाट ठेवायची, कोकरांसाठी पाड्याजवळचं कुरण कुठलं, हे गावाला माहीत असतं. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित भागातल्या ग्रामसभेला आपल्या रीतीनं आपली साधनं सांभाळण्याचा अधिकार मानला आहे. दुसरीकडं १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा आणि १९२७ चा वन कायदा इंग्रजांच्या काळचे, ते मात्र आपल्या कोकरावर अजून रोज चालतात. जुना कायदा अंमलात आहे आणि नवा कागदावर. ही उलटापालट करण्यासाठीच आपण इथं आलो आहोत.

आणि ठेलारी भावांबद्दल. ते आपले शत्रू नाहीत. त्यांचा कळप आपल्या शेतात बसतो तेव्हा लेंडीखत आपल्याला मिळतं, धान्य त्यांना मिळतं. हा व्यवहार आपल्या आजोबांच्या आधीपासूनचा. डोंगर मोकळा होता तोवर भांडण नव्हतं. म्हणून चराईचा ठराव करताना त्यांना बोलवा. त्यांच्याशिवाय केलेला ठराव टिकणार नाही.

एक अवघड गोष्ट

शेवटी जे बोलायचं आहे ते सांभाळून बोलतो. आपल्या लेकींना आपण मेंढ्यांच्या पंगतीत बसवत नाही. पण बैठकीत हे ऐकून एका आजीनं विचारलं, "हे सगळं आमच्या पोरींनाबी लागू हाय ना?" आम्ही गप्प झालो. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत बालकं मेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मेळघाटात. पेपरात आकडे आले, मंत्री आले. मूल मेलं त्या दिवसाचा पंचनामा झाला. त्या मुलाची आई पोरवयात काय खात होती, तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, पोटुशी असताना ती कुणाच्या बांधावर राबत होती, याचा पंचनामा कुणी केला नाही. अंग भरेपर्यंत मेंढ्याला फडकं बांधायचं शहाणपण आपल्याकडं आहे. मग पोरीचं लग्न अठरा वर्षांच्या आत लावताना ते कुठं जातं? रेशनवर धान्य पोचलं पाहिजे ही मागणी सरकारकडं, आणि पोरीच्या ताटात आधी वाढायचं ही मागणी आपल्या स्वतःकडं. दोन्ही एकदम चालवू.

घरी गेल्यावर करायचं काम

एक. प्रत्येक पाड्यानं या हंगामातल्या मादी कोकरांची यादी करावी. काटा असेल तर पोत्यात घालून महिन्याला वजन घ्यावं. काटा नसेल तर पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोरी फिरवून गाठ मारावी, पुढच्या महिन्यात गाठ किती सरकली ते बघावं. भिंतीवर कोळशानं लिहिलं तरी चालेल. हीच आपली साक्ष. उद्या कुणी विचारलं की बंदीनं काय बिघडलं, तर दोरी दाखवता आली पाहिजे.

दोन. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना आणि कोकराला दूध सुटल्यावरचा उन्हाळा, या दोन वेळांसाठी पाला-भूस आतापासून राखावं. शेंगा गोळा कराव्यात.

तीन. पावसाआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध दवाखान्याकडून पाड्यावर मागवावं. खाल्लेलं जंतांनी नेलं तर चराईचा हक्क मिळूनही उपयोग नाही.

चार. वैशाखाच्या आत ग्रामसभा घेऊन राखायचा भाग, मोकळा भाग आणि कोकरांचं कुरण यांचा ठराव करावा. ठेलारी हजर असावेत. ठरावाच्या तीन प्रती काढाव्यात. एक खात्याला, एक तहसीलला, एक गावाच्या पेटीत. पोच घेतल्याशिवाय प्रत देऊ नये.

आता झोपा. पहाटे पाण्याच्या टाकीपाशी गर्दी होईल, बायांना आधी जाऊ द्या. उद्या आपण जमीन मागू, जंगल मागू. त्या मागणीत आपल्या कोकराचा पहिला पाऊसही आहे, एवढं ध्यानात ठेवा.

जिंदाबाद!